मोटारसायकलसाठी लेदर जॅकेट, पँट, ग्लोव्ह्ज घेताना नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन लेदर जॅकेटं पसंत पडली आहेत, एकाचं चामडं १.४ मिमी, दुसऱ्याचं १.२ मिमी, दोन्हींवर सीई (युरोपातल्या सुरक्षा प्रमाणनाची खूण) लिहिलंय. मग जाड आहे तेच घ्यावं का, आणि पँट, ग्लोव्ह्ज, बूट यांत काय पाहावं?

नुसत्या जाडीवर ठरवू नका. गाईचं १.२ ते १.४ मिमीचं चांगलं चामडं रायडिंगला पुरतं, आणि त्या दोन आकड्यांमधला फरक शिवण कशी आहे यापुढे किरकोळ आहे. माणूस पडतो तेव्हा चामडं आरपार घासलं जाण्याआधी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी दगा देतं: शिवण उसवते, किंवा बाही वर सरकते आणि आतलं आर्मर, म्हणजे आघात झेलणारं पॅड, कोपर सोडून भलतीकडे जातं. म्हणून आधी लेबल, मग शिवण, मग फिटिंग, आणि चामड्याची जाडी त्यानंतर.

लेबलपासून सुरुवात करा. बाहेर लोंबणाऱ्या पुठ्ठ्याच्या टॅगवर ‘सीई आर्मर’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की खांद्यातले आणि कोपरातले पॅड प्रमाणित आहेत. जॅकेट स्वतः प्रमाणित आहे की नाही हे आत शिवलेल्या कापडी लेबलवर कळतं. त्यावर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि एएए, एए, ए, बी किंवा सी यांपैकी एक वर्ग असतो. एएए सर्वांत दणकट, रेसिंग ट्रॅकवर घालायचे बरेच लेदर सूट त्यात येतात. लांब पल्ल्याच्या रायडिंगला एए, शहरातल्या फिरण्याला निदान ए. बी म्हणजे घासण्याला ए इतकंच टिकणारं, पण आर्मरशिवाय. सी म्हणजे फक्त आर्मर जागेवर धरून ठेवणारी जाळीची बनियन वगैरे. ती एकटी घालून रस्त्यावर जायचं नसतं.

या वर्गांमागची चाचणी समजून घेतली की जाहिरातीतले शब्द कमी भुलवतात. फिरत्या यंत्राला कपड्याचे नमुने लावून ते काँक्रीटवर सोडतात आणि यंत्र थांबेपर्यंत घासू देतात. खांदा, कोपर, खुबा, गुडघा अशा सर्वांत जास्त मार खाणाऱ्या भागांसाठी सुरुवातीचा वेग एएएला ताशी १२० किमी, एएला ७०, एला ४५ धरतात. पाठीचा मधला भाग, बाहीची आतली बाजू यांना कमी वेग चालतो. याचा अर्थ ‘ए’चं जॅकेट ४५ पर्यंत सुरक्षित आणि पुढे नाही, असा मात्र नाही. चाचणीत दुभाजक नसतो, खांब नसतो, गाडी अंगावर येत नाही. दोन कपड्यांची तुलना करण्यापुरते हे आकडे वापरा. तुमच्या दोन जॅकेटांपैकी १.२ वाल्याच्या आत एए असेल आणि १.४ वाल्याच्या आत नुसतं आर्मरचं लेबल असेल, तर मी डोळे झाकून १.२ घेईन.

आता शिवण. इथे घाई करू नका, दुकानदार कंटाळला तरी चालेल. अस्तराच्या आत हात घालता येईल अशी चेन असते, ती उघडा आणि शिवण आतून बघा. चांगल्या जॅकेटात दोन तुकडे आधी उलट्या बाजूने एकत्र शिवतात, मग कडा दुमडून वरून पुन्हा एक-दोन ओळी टाके घालतात. रस्त्यावर घासताना वरचे दिसणारे टाके सुरुवातीलाच तासले जातात, ते जाणारच. त्यानंतर कपडा धरून ठेवते ती आतली, रस्त्याला न लागणारी शिवण. तीच नसेल तर बाहेरून कितीही ओळी दिसोत, त्या शोभेच्या. तपासायला सोपं आहे: शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा आणि चामडं जोरात बाजूला ओढा. फट पडून टाके शिडीसारखे दिसायला लागले तर ते जॅकेट परत ठेवा.

टाके जास्त दाट असणंही वाईटच. एका सेंटिमीटरला साधारण ३ टाके बरोबर वाटतात. त्याहून खूप दाट असतील तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि दोरा शाबूत राहून चामडंच त्या रेषेवर फाटतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, जाड आणि लेप दिलेला हवा. सुती दोरा घामाने कुजतो आणि दिसायला तसाच राहतो, त्यामुळे कळतही नाही. भोकांच्या याच कारणाने जॅकेटवर नंतर नाव, बिल्ले, कापडी पट्ट्या शिवून घेऊ नका. हौस असेलच तर छातीवर शिवा, खांद्यावर किंवा कोपरावर तर नकोच.

शिवणी कुठे आहेत हेही बघा. कोपराचं टोक, खांद्याची बाहेरची बाजू आणि पँटच्या बसण्याच्या भागात एकसंध मोठा तुकडा हवा. लहानलहान तुकडे जोडून केलेलं रंगीबेरंगी डिझाइन फोटोत उठून दिसतं, पण प्रत्येक जोड ही उसवण्याची एक जागा. पँटमध्ये मागच्या मधल्या शिवणीवर खास लक्ष द्या. माणूस बऱ्याचदा कुल्ल्यावर बसल्यासारखा घसरत जातो आणि तिथे ताण दोन्ही बाजूंनी येतो. ताणणारं कापड बाहीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, जांघेत चालतं. कोपराच्या बाहेर किंवा खुब्यावर नाही. हवेसाठी पाडलेली बारीक भोकं छातीवर आणि मांडीच्या वरच्या बाजूला ठीक, खांद्यावर नकोत. पुढच्या चेनच्या मागे चामड्याची किंवा कापडाची पट्टी असावी, कारण धातूची चेन घासताना तापते आणि त्वचेला चटका बसतो.

चामडं कसलं आहे हे ओळखायला खालच्या कडेला किंवा चेनजवळ कापलेली कड शोधा. वरच्या थराचं चामडं असेल तर कडेला तंतू घट्ट दाटलेले दिसतात आणि पृष्ठभाग त्याच्याशी एकजीव असतो. खालच्या थराचं, म्हणजे स्प्लिट असेल तर तंतू सैल, केसाळ दिसतात आणि वर प्लास्टिकसारखा पातळ लेप वेगळा कळतो. अंगठ्याने दाबून पाहा: चांगल्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात, जाड लेप दिलेल्यावर नुसता खळगा पडतो. चुरा चिकटवून बनवलेलं बाँडेड लेदर रायडिंगला पूर्ण निरुपयोगी. फॅशनच्या जॅकेटात मेंढीचं ०.७-०.८ मिमी चामडं असतं, हाताला लोण्यासारखं मऊ. रस्त्यावर ते फाटतं. कांगारूचं चामडं याला अपवाद म्हणता येईल. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे असतात, त्यामुळे ०.९ ते १.१ मिमीमध्येही ताकद मिळते आणि वजन कमी राहतं. म्हशीचं चामडं जाड असतं पण तंतू सैल, म्हणून तिथे जाडीचा आकडा हमखास फसवतो.

एकाच कातड्यात पाठीचा भाग दाट आणि पोटाचा भाग ढिला, ताणला जाणारा असतो. कोपरावरचा तुकडा दोन्ही हातांनी आडवा-उभा ओढून बघा. सहज लांबला आणि सोडल्यावर वळ्या राहिल्या, तर पोटाकडचा तुकडा चुकीच्या जागी लावला आहे.

फिटिंग आरशासमोर उभं राहून कळत नाही. खाली घालणार असाल तेच कपडे घालून जा, शक्य असेल तर गाडीवर बसा, नाहीतर खुर्चीवर उलटं बसून हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा. या अवस्थेत बाही मनगटाच्या हाडापर्यंत पोचायला हवी, पाठीची कड कमरेवरून वर चढता कामा नये, कॉलरने गळा दाबता कामा नये आणि पूर्ण श्वास घेता यायला हवा. पुढे वाकून चालवायची गाडी असेल तर उभं राहिल्यावर जॅकेट पुढून थोडं ओढल्यासारखं वाटेल. ते योग्यच आहे. मग बरोबरच्या माणसाला सांगा की कोपरातलं आर्मर बाहेरून मुठीत धरून फिरव. ते कोपराच्या टोकावरून बाजूला गेलं तर तो साइज तुमचा नाही, किंवा त्या कंपनीचा कट तुमच्या हाताला बसत नाही. गुडघ्याचं आर्मर बसलेल्या स्थितीत वाटीच्या बरोबर मधोमध आणि नडगीच्या वरच्या भागापर्यंत यावं. ‘थंडीत आत स्वेटर बसेल’ म्हणून एक साइज मोठं घेऊ नका. चामडं वापराने रुंदीत थोडं सैल होतंच, आणि सैल चामडं घासताना घडी पडून गोळा होतं, बाही वर ओढली जाते. थंडीसाठी पातळ गरम थर आत घाला. नायलॉनचे पातळ कपडे मात्र त्वचेला लागून नकोत, घर्षणाच्या उष्णतेने ते वितळू शकतात.

आर्मरवर स्वतंत्र लेबल असतं. खांदा, कोपर, खुबा, गुडघा यांच्यासाठी ईएन १६२१-१. त्यात ५० जूलचा आघात करून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात: लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंत. फरक मोठा आहे, आणि पॅड बदलता येतात, म्हणून जॅकेट चांगलं पण आर्मर लेव्हल १ असं असेल तर जॅकेट नाकारू नका, पॅड बदला. फक्त खिशाचं माप आधी घ्या. टाइप ए म्हणजे लहान, टाइप बी म्हणजे जास्त भाग झाकणारं. ‘टी प्लस’ असेल तर ४० अंशांना आणि ‘टी मायनस’ असेल तर उणे १० अंशांनाही ते तपासलेलं आहे. मऊ पॅड उन्हात ढिले आणि थंडीत कडक होतात, त्यामुळे ही खूण कामाची आहे.

पाठीचं आर्मर वर्गवारीत सक्तीचं नाही. त्यामुळे बऱ्याच जॅकेटांच्या पाठीच्या खिशात नुसता स्पंजचा तुकडा असतो. तो काढून टाका आणि ईएन १६२१-२ लेव्हल २ चं घ्या. तिथे सरासरी मर्यादा ९ किलोन्यूटन आहे, लेव्हल १ ला १८. ते कमरेपासून खांद्यापर्यंतच्या लांबीवर निवडायचं असतं, छातीच्या मापावर नाही.

जॅकेट आणि पँट वेगळी असतील तर कमरेला पूर्ण फिरणारी जोडचेन घ्या. मागे फक्त वीतभर चेन असेल तर घसरताना जॅकेट बाजूने वर जातं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या चेनी बहुतेक जुळत नाहीत. शिवणकाम करणाऱ्याकडून जुळणारी बसवून घेता येते, पण अस्तराला नाही, चामड्याला.

सूटच्या मानेमागचा कुबड हवा कापण्यासाठी असतो, पाठीच्या संरक्षणासाठी त्याला पैसे मोजू नका. खांद्यावरच्या कडक प्लास्टिकच्या किंवा धातूच्या वाट्या उपयोगी आहेत, कारण शरीर अडकून कोलांटी खाण्याऐवजी घसरत राहतं. आत एअरबॅग (पडताना फुगणारी बनियन) घालणार असाल तर ती घालूनच माप द्या. फुगायला जागा किंवा ताणणारे भाग नसतील तर बॅग बाहेर न पसरता छातीवरच दाबते.

ग्लोव्ह्जमध्ये ईएन १३५९४ बघा. केपी अक्षरं असतील तर बोटांच्या सांध्यांवरचं कवचही तपासलेलं आहे. मनगटाचा पट्टा घट्ट लावा आणि बोटांची टोकं धरून ग्लोव्ह ओढा. निघाला तर रस्त्यावरही निघेल. तळहाताच्या टाचेवर घसरणारी कडक चकती हवी. पडताना माणूस तिथेच टेकतो, आणि नुसतं चामडं रस्त्याला पकड घेऊन मनगट मुरगळतं. तळव्याला बकऱ्याचं किंवा कांगारूचं चामडं चांगलं, क्लचचा अंदाज राहतो.

बुटांवर ईएन १३६३४ खाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २: उंची, घासणं, कापलं जाणं, आणि तळ आडवा दाबला जाणं. चौथ्या जागी २ असावा असा माझा आग्रह, कारण गाडी पायावर पडते तेव्हा तळच पाऊल वाचवतो. टाच आणि चवडा धरून पिळून बघा, फडक्यासारखा वळला तर नको. घोट्याला दोन्ही बाजूंनी कवच हवं, आणि लेस असेल तर ती झाकलेली.

लेदर पाऊस अडवत नाही. भिजलंच तर रुंद हँगरवर सावलीत वाळवा. हीटरजवळ किंवा उन्हात वाळवलं तर आतलं तेल निघून चामडं कडक होतं आणि तडे जातात. कंडिशनर पातळ हाताने. तेल चोपडलं की चामडं ढिलं पडतं आणि शिवणीजवळची भोकं रुंदावतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर बुरशी ठरलेली.

वापरलेलं घेणार असाल तर खांदा, कोपर, खुबा यांवर नवा रंग मारलेला दिसतो का ते उजेडात तिरपं धरून बघा. घासलेल्या जागी बोटांच्या चिमटीत चामडं शेजारच्या भागापेक्षा पातळ लागतं, रंगाने ते लपत नाही. आर्मर बाहेर काढून वाकवा. चीर, चपटेपणा किंवा भुगा दिसला तर पॅड नवे घ्या, आणि मूळ लेबल कापलेलं असेल तर विकणारा काहीही सांगो, त्याला वर्ग नसलेलं जॅकेट समजूनच भाव करा.