शिफ्टमधून कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणांच्या सूचना) येत नाहीत? आधी ताण बघ

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात नवा सुपरवायझर झालास, तर सूचना येत नाहीत म्हणून लगेच पोरांना नावं ठेवू नकोस. ताण कसला आहे ते बघ. अवघड जॉब, जवळ आलेली तारीख हा ताण डोकं चालवायला लावतो. एका कामाला तीन सह्या, दोन साहेबांचे उलटसुलट हुकूम हा नुसता जीव खातो. तो आधी कमी कर.

मग स्वभाव. नवं करून बघणाऱ्याला मोकळीक दे. तासातासाला टार्गेट विचारलंस तर तोही गप्प होतो. काटेकोर माणूस कल्पना कमी देईल, पण मशीनवर पार्ट पकडणाऱ्या फिक्स्चरमधला बदल ट्रायलपर्यंत तोच नेतो. दोघांची जोडी लाव. बुजऱ्याला मीटिंगमध्ये उभं करू नकोस, मशीनपाशी एकट्याला विचार. सूचनेला उत्तर मात्र आठवड्यात दे, नकार असला तरी कारणासकट. आणि तारखेचा ताण डोकं चालवत असला, तरी महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या धांदलीत सूचना मागूच नकोस, तेव्हा कुणाला फुरसत नसते.