घोष, अघोष, महाप्राण हे शब्द पाठ न करता समजतील का?

तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी घोष, महाप्राण, अनुनासिक, तालव्य सगळं पाठ आहे, पण तोंडात नेमकं काय होतं ते कळत नाही. मला ते यंत्रमागांमुळे कळलं.

सोलापूरच्या पूर्व भागात बाबा मागावर होते. डबा घेऊन गेलं की खडखडाटात कानाला काही लागायचं नाही, तिथली माणसं ओठ बघूनच बोलायची. एकदा कुणीतरी लांबून 'मामा बोलावतायत' म्हणालं आणि मी धावलो बाबांकडे. चूक माझी नव्हती. म आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, दोन्हींत ओठ मिटून उघडतात. म्हणून ते ओष्ठ्य. फरक आत असतो: म म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो आणि हवा नाकातून जाते. हेच अनुनासिक. सर्दीने नाक चोंदलं की 'मामा'चा जवळपास 'बाबा' होतो, तो यामुळेच.

आता पार, फार, बार, भार, मार ओळीने म्हणा. (फार म्हणताना ओठ मिटा. फोनमधला फ खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून येतो, तो वेगळा.) तोंडासमोर कागदाचा कपटा धरलात तर पारला तो जेमतेम हलेल, फारला उडेल. तो जादा श्वास म्हणजे महाप्राण. पार आणि बारमधला फरक स्वरतंतूंचा: ब म्हणताना ते थरथरतात, म्हणून घोष, प म्हणताना नाही, म्हणून अघोष. गळ्याला हात लावून तपासताना बहुतेकजण फसतात, कारण 'प' म्हटलं की त्यातला अ थरथरतोच. त्यापेक्षा आधी नुसतं 'स्स्स' करा, मग 'म्म्म'. बोटांना लगेच कळेल.

वर्णमालेच्या आडव्या ओळीत हाच क्रम आहे. उभं वाचलंत तर क, च, ट, त, प असं तोंडाच्या मागून पुढे ओठांपर्यंत याल. 'क'ला कंठ्य म्हणतात, पण जीभ गळ्यात जात नाही, तिचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. स्वरांत अशी अडवणूकच नसते, एवढं पुरे.

च मात्र लबाड आहे. 'त्याचा' म्हणा, मग 'त्याची'. पहिल्यात जीभ दातांमागे, दुसऱ्यात टाळूकडे, म्हणून तो तालव्य. अक्षर एक, ध्वनी दोन. 'माझा' आणि 'माझी'तल्या झचंही तसंच. आमच्या गल्लीतल्या तेलुगू पोरांना 'चमचा' सहज जमायचा, कारण तेलुगूतही आ, ओ, उ यांच्याआधी तो दातांमागचा च येतो. प्रमाण कन्नडमध्ये तो नाही. माझा कन्नड घरातला मित्र अजून दोन्ही च चिमणीतल्यासारखे म्हणतो, आणि आम्ही अजून त्याच्याकडून मुद्दाम चमचाच मागतो.