जावास्क्रिप्टमध्ये क्लास आहे, तरी 'खरे क्लास नाहीत' असं का म्हणतात?

तुम्ही जावातून आलात, म्हणून हे खटकतंय. जावात आधी क्लास म्हणजे साचा, मग त्यावरून ऑब्जेक्ट. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टला थेट दुसरा ऑब्जेक्ट जोडलेला असतो, त्याला प्रोटोटाइप म्हणतात. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी ही भाषा लिहिली तेव्हा ही कल्पना 'सेल्फ' या भाषेतून उचलली. वरचा पेहराव मात्र जावाचा. क्लास हा कीवर्ड आला थेट 2015 मध्ये.

समजा, तुम्ही 'खाते' नावाचा क्लास लिहिला. (नाव देवनागरीत दिलंत तरी चालतं बरं का, फक्त ऑफिसात करू नका.) कन्स्ट्रक्टरमध्ये 'शिल्लक' ठेवलीत आणि खाली 'जमा' ही मेथड लिहिलीत. आता न्यू वापरून 'अ' हा ऑब्जेक्ट बनवा आणि कन्सोलमध्ये बघा: शिल्लक अ वरच आहे, जमा तिथे नाही! ती आहे खाते.प्रोटोटाइप या ऑब्जेक्टवर. अ.जमा() म्हटलं की इंजिन आधी अ वर शोधतं, नाही मिळालं तर त्याच्या प्रोटोटाइपवर, मग त्याच्याही प्रोटोटाइपवर, असं नल (म्हणजे पुढे काहीच नाही) लागेपर्यंत. एका क्लासवरून दुसरा काढायला एक्सटेंड्स लिहिलंत की या साखळीत एक कडी वाढते, इतकंच.

खात्री करायची असेल तर अ बनवून झाल्यावर खाते.प्रोटोटाइपवर 'व्याज' नावाचं फंक्शन टाका. अ ला ते लगेच वापरता येतं. जावात चालू प्रोग्रॅममध्ये असं करून दाखवा! आणि टाइपऑफ खाते, म्हणजे खाते कोणत्या प्रकारचं, असं विचाराल तर उत्तर मिळतं 'फंक्शन'.

म्हणून लोक क्लासला नुसती सिंटॅक्सची साखर, म्हणजे जुनीच गोष्ट सोप्या रूपात लिहायची सोय, म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. न्यूशिवाय क्लास बोलावला तर एरर येतो, आणि 2022 च्या आवृत्तीपासून हॅश लावलेली फील्ड्स खरोखर प्रायव्हेट असतात. क्लासच्या आधी ज्यांनी ऑब्जेक्ट बनवत, त्या जुन्या कन्स्ट्रक्टर फंक्शनमध्ये यातलं काहीच आपोआप मिळत नव्हतं.

जावावाल्यांना खरा त्रास देतो तो धिस, म्हणजे मेथडच्या आत 'सध्याचा ऑब्जेक्ट' दाखवणारा शब्द. तो ठरतो मेथड कशी बोलावली यावर, कुठे लिहिली यावर नाही. अ.जमा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवून नुसतं बोलावलंत, की क्लासमध्ये धिस अनडिफाइन्ड होतो आणि शिल्लक शोधताना टाइपएरर येतो. बटणाच्या क्लिकवर मेथड देतानाही हीच गडबड होते, फक्त तिथे धिस म्हणजे ते बटण असतं. तिथे बाइंड करा, म्हणजे धिस कायमचा अ ला बांधा, किंवा ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.