हात बांधले कोणी?

"बाबा आयसीयूत आहेत. आम्हाला ओळखत नाहीत, भलतंच काहीतरी बोलतात, आणि त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवलेत. त्यांच्या डोक्यावर कायमचा परिणाम झाला का? आत त्यांचे हाल तर होत नाहीत ना?"

नागपुरातल्या रुग्णालयांत नातेवाइकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा भेटतो. कधी भंडारा-गोंदियाहून आलेली सून विचारते, कधी छिंदवाड्याचा भाऊ. शब्द वेगळे असतात, डोळ्यांतली भीती एकच. उत्तर म्हणून मी बहुतेक वेळा काटोलकडच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

काका अडुसष्ट वर्षांचे, संत्र्याचे बागायतदार. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात पसरला, आणि गावाजवळच्या दवाखान्यातून त्यांना थेट नागपूरला आणून व्हेंटिलेटरवर ठेवलं. सहाव्या दिवशी घशातली नळी काढली. घरच्यांना वाटलं, सुटलो. सातव्या दिवशी सकाळी मुलगा भेटायला आत गेला, तर काकांची दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेली. काका छताकडे बघत ओरडत होते, "गळून रायले, सारे गळून रायले! पोट्टेहो, पाह्यत काय बसले?" मुलाने हाक मारली तर त्याच्यावरच धावून गेल्यासारखे बोलले, "तू कोन बे? मले लुटाले आला?"

मुलगा बाहेर आला तो थरथरत. त्याची बहीण कॉरिडॉरमध्ये सतरंजीवर बसली होती. सात दिवसांत ती सलग तीन तास झोपली नव्हती. मला बोलावणं आलं ते दोघांचा आवाज चढल्यावर.

मी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. जुनी माणसं म्हणायची ना, "वात झालाय, बरळतोय", तेच. हे वेड नाही. अंगात मोठा संसर्ग, कमी पडलेला प्राणवायू, झोपेच्या औषधांचा अंमल, रात्रंदिवस जळणारे दिवे आणि मशीनचे आवाज, यांनी मेंदू गोंधळतो. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या वयस्कर माणसांत हे फार आढळतं. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. काहींना मात्र त्यानंतर कित्येक महिने विसराळूपणा, हिशेबात गोंधळ असा त्रास राहतो, तोही मी लपवला नाही.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थे सारं ठीक हाये मॅडम. पण हात बांधले कोनं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंधरा मिनिटं मी त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होते. मेंदूत काय झालं हे त्याला नंतर ऐकायचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात जोडले नाहीत, त्याचे हात कोणीतरी बांधले होते आणि घरच्या एकाही माणसाला ते सांगितलं नव्हतं. त्याचं दुखणं इथे होतं.

रात्रपाळीच्या सिस्टर अजून निघाल्या नव्हत्या. मी मुलाला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्या थकलेल्या होत्या आणि मला वाटलं, आता नियम सांगतील. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "दादा, मी बांधले. रात्री अडीच वाजता."

मग सांगितलं. काकांनी मानेतली नळी ओढली, रक्त आलं. ती नळी मोठ्या शिरेत असते, निघाली असती तर जिवावर बेतलं असतं. इतक्या गंभीर रुग्णामागे एक नर्स हवी, पण त्या रात्री त्यांच्याकडे दोन पलंग होते आणि त्याच वेळी शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाचं हृदय थांबलं. "दर दोन तासांनी सोडून बघितले. बोटं गार पडली का, कातडी लाल झाली का, पाहिलं. पण तुम्हाला रात्रीच फोन करायला हवा होता. तो राहिला. ते माझं चुकलं."

मुलगा काही बोलला नाही. बराच वेळ मनगटावरचा गंडा फिरवत बसला. राग गेला असं मी म्हणणार नाही, पण त्याला आता एक चेहरा, एक वेळ आणि एक कारण मिळालं होतं. माझ्या अनुभवात आयसीयूतली सेवा इथेच ठरते. कूस बदलणं, तोंड पुसणं, कफ ओढून काढणं हे सगळं तर हवंच, पण बाहेर बसलेल्या माणसाला "मी केलं, या कारणाने केलं" असं सांगायला नर्सला जे धैर्य लागतं, ते मी त्याच सेवेत मोजते.

हात बांधणं हा शेवटचा उपाय असायला हवा, हेही नातेवाइकांना माहीत असावं. बांधल्याने रुग्णाची घालमेल वाढू शकते. म्हणून विचारा: का बांधलंय, किती वेळासाठी, आमच्यापैकी कोणी जवळ बसलं तर सोडाल का? हे विचारणं म्हणजे भांडण नाही. आपल्याकडे लोक एकतर गप्प राहतात नाहीतर थेट आरडाओरडा करतात. मधला रस्ता वापरत नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे. डेलिरियम तपासायची एक साधी पद्धत आहे, २००१ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ती रूढ केली. बोलता न येणाऱ्या रुग्णालाही ती लावता येते. नर्स एकेक अक्षर म्हणते आणि ठरलेलं अक्षर आलं की रुग्णाने तिचा हात दाबायचा. सिस्टर ही तपासणी करत होत्या आणि काका एकदाही हात दाबत नव्हते. त्या वळून मुलीला म्हणाल्या, "ताई, बाबाजींना ऐकू नीट येतं ना?"

मुलगी दचकली. भरतीच्या दिवशी हातात दिलेली प्लास्टिकची पिशवी तिच्या उशाशी होती. त्यात चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन. सात दिवस काकांना धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं, आणि चोवीस तास अनोळखी माणसं अंगाला हात लावत होती. कोणीही घाबरेल.

मशीन कानात गेलं, चष्मा डोळ्यांवर आला. डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही, पण ओरडणं कमी झालं. आणि "गळून रायले" याचा उलगडाही सिस्टरांनीच केला. काकांच्या डोळ्यांसमोर सलाइन थेंबथेंब पडत होतं. दिवस पोळ्याचे, आंबिया बहाराच्या फळगळीचे. त्यांना ते थेंब म्हणजे गळणारी संत्री वाटत होती. सिस्टरांनी स्टँड उचलून डोक्यामागे ठेवला. दोन मिनिटांचं काम.

बोलायचं कसं, यावरही घरात दोन तट होते. मुलगा वाद घाली, "बाबा, इथं बाग नाही, काहीच्या काही नका बोलू." मुलगी समजूत काढी, "हो हो बाबा, वेचली सगळी संत्री." दोन्हींनी भ्रम वाढतो, एकाने माणूस चिडतो, दुसऱ्याने अधिक खोल जातो. सिस्टर म्हणत, "बाबाजी, तुम्ही नागपूरला दवाखान्यात आहात. मी सिस्टर. आज मंगळवार, परवा पोळा. बागेची चिंता वाटते ना? बाग तुमचा मुलगा बघतोय, हा इथंच बसलाय." छोटी वाक्यं, तीच परतपरत. मुलाला भेटीच्या वेळेपेक्षा जास्त बसू दिलं. तो हात धरून बसला की बँडेज सोडायचं, हे ठरलं. रात्री त्या पलंगावरचा दिवा मंद केला. तिसऱ्या दिवसापासून बँडेज लागलंच नाही.

इथे एक सांगते, कारण ते हमखास सुटतं. सगळेच डेलिरियमचे रुग्ण ओरडत नाहीत. काही नुसते पडून राहतात, डोळे उघडत नाहीत, विचारलं तर उत्तर देत नाहीत. घरच्यांना वाटतं, शांत झोपलेत. असं दिसलं तर सिस्टरांना जरूर सांगा. तुमचा माणूस एरवी कसा असतो, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

आणि सगळेच काका घरी जात नाहीत. अशा वेळी घरच्यांना शेवटचं तुळशीपाणी तोंडात घालायचं असतं, आणि ठसका लागेल म्हणून ते घालता येत नाही. पाणी कापसाने ओठांवर फिरवू देणारी, पडदा ओढून घेणारी, "बोला, ऐकू येत असेल" म्हणणारी सिस्टर मी पाहिली आहे. कॅनडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अखेरच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदू आवाजाला प्रतिसाद देताना दिसले होते. त्यांना अर्थ कळतो का, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी बोलावं, असं माझं मत आहे.

मुलीला मी एक वही घ्यायला लावली होती. रोज काय झालं ते दोन ओळींत लिहायचं, नर्सेसनीही लिहायचं. युरोपातल्या आयसीयूंत अशा वह्या ठेवतात, कारण बरं झाल्यावर रुग्णाला मधले दिवस तुकड्यातुकड्यांनी आणि भयंकर रूपात आठवतात.

काका घरी गेल्यावर महिन्याभराने मुलीचा फोन आला. ते अजून मजुरीचा हिशेब चुकवत होते, रात्री दचकून उठत होते. चोरांनी आपल्याला संत्र्याच्या झाडाला बांधलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तिने वही काढून सातव्या दिवसाचं पान वाचलं. सिस्टरांच्या अक्षरात होतं, "बाबाजी, रात्री २.३० ला तुमचे हात मी बांधले. तुम्ही मानेतली नळी ओढत होता. सकाळी तुमच्या मुलाला सांगितलं."

काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "कोन्या गावची हाये थे पोरगी?"

मुलीला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मला फोन केला होता. मी आयसीयूत जाऊन विचारलं. पवनीच्या.