दहावीनंतर पीयूसीला कुठले विषय? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पोरगी दहावीला, मराठी माध्यम, नंदगडच्या पुढचं गाव. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला. प्रिलिमला ६२५ पैकी ४८७. शाळेतले सर म्हणतात सायन्स घ्या, कोल्हापूरचा मावसभाऊ म्हणतो अकरावी तिकडेच करू दे, आणि पोरगी म्हणते मैत्रीण कॉमर्सला जातेय, मी पण तिकडेच. तुम्ही विचारताय, ऐकू कुणाचं?

मी बेळगाव तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात ३१ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. दर मे महिन्यात घरी येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न 'सायन्स की कॉमर्स' हाच असायचा. बाजू ठरवून मग विषय बघू नका, आधी विषय बघा. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सहा विषय असतात, दोन भाषा आणि चार ऐच्छिक, प्रत्येकी १००, एकूण ६००. त्या सहांपैकी कुठल्या पुस्तकाला पोरगी रात्री नऊ वाजता आपणहून हात घालेल, एवढंच आधी शोधायचं.

तुम्ही सगळ्या विषयांचे गुण दिलेत ते बरं केलंत. मराठी १२५ पैकी ११७, समाज विज्ञान ९१, कन्नड ७६, विज्ञान ७१, इंग्रजी ६८, गणित ६४. बेरीज ४८७, म्हणजे ७८ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण मराठी आणि समाज विज्ञान हे दोन विषय सायन्सला तिच्या उपयोगाचे नाहीत. उरलं गणित आणि विज्ञान, दोनशेपैकी १३५. त्यातले ४० इंटर्नलचे, ते बहुतेक शाळा हात सैल सोडून पूर्ण देतात, मीही दिलेत. तेव्हा गणिताच्या ८० गुणांच्या पेपरात तिला ४४ पडलेत आणि विज्ञानाच्या पेपरात ५१. सायन्सचा निर्णय ७८ वर नाही, या ४४ आणि ५१ वर घ्यायचा.

घाबरू नका, ४४ म्हणजे सायन्स बंद असं मी म्हणत नाही. ३६ गुण कुठे गेले ते बघायचं. पेपर परत मिळाला असेल तर तिला शेजारी बसवा आणि प्रत्येक चुकीपुढे तिच्याच हाताने लिहायला सांगा, 'कळलं नव्हतं', 'पाठ नव्हतं' की 'घाईत चुकलं'. प्रमेयाची सिद्धता आठवली नाही, रचनेत कंपास हलला, असे गुण गेले असतील तर ते दोन महिन्यांत परत मिळतात. पण वर्गसमीकरणात कंस सोडवताना चिन्ह बदलायचं राहतंय, त्रिकोणमितीत साइन आणि कॉस कुठे वापरायचे हेच ठरत नाही, असं असेल तर थांबा. पीयूसीचं फिजिक्स पहिल्या आठवड्यापासून याच दोन गोष्टींवर चालतं. तिथे बीजगणित कुणी शिकवत बसत नाही, येतं असं धरूनच पुढे जातात.

आता माध्यमाचं. दहावीपर्यंत बल, वेग, त्वरण, विस्थापन. जूनमध्ये अचानक फोर्स, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, डिस्प्लेसमेंट. पोरांना विषय येत असतो, प्रश्न कळत नसतो. माझी एक विद्यार्थिनी, दहावीला विज्ञानात ९३, पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये पस्तिसांपैकी सहा. घरी आली तेव्हा पेपर तिच्या हातात चुरगळलेला होता. मी तिला तोच प्रश्न मराठीत सांगितला. 'एक गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघते, त्वरण एवढं, पाच सेकंदांत किती अंतर जाईल?' तिने उभ्या उभ्या उत्तर दिलं. पेपरात 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' लिहिलं होतं आणि तिने रेस्ट म्हणजे विश्रांती धरलं होतं! गाडी विश्रांती कशाला घेईल, म्हणून सुरुवातीचा वेग शून्य धरायचा हेच तिला सुचलं नाही.

म्हणून दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठ दिवस झोपू दे तिला आणि मग एक परीक्षा तुम्ही घरीच घ्या. कर्नाटकात पीयूसी सायन्सला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, ती नेटवर फुकट मिळतात. अकरावीच्या फिजिक्समधला सरळ रेषेतल्या गतीचा धडा मोबाइलवर उतरवून घ्या. रोज एक पान, वहीत मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला मराठी. तीन आठवडे. तिने कुरकुर करत का होईना पण वही भरली, तर सायन्सला माझी हरकत नाही. चौथ्या दिवशी वही कपाटावर गेली तर तुम्हाला उत्तर मिळालंच की. यात क्लासची फी नाही आणि कुणा सरांचं मत पण नाही.

सायन्स घेतलंच तर आपल्याकडे सहसा पीसीएमबी नाहीतर पीसीएमसी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही दोन्हीकडे, चौथा विषय बायोलॉजी की कॉम्प्युटर एवढाच फरक. 'दोन्ही दारं उघडी राहतात' म्हणून बहुतेक जण पीसीएमबीकडे पळतात. चार जड विषय आणि दोन भाषा, शिवाय खानापूरहून येणं-जाणं. दार उघडं ठेवायचं म्हणून पोरीला दोन वर्षं उंबऱ्यावर बसवायचं का? जीवशास्त्राच्या आकृत्या ती आवडीने काढत असेल, नर्सिंग, शेतकी, फार्मसी असलं काही मनात असेल, तर जरूर पीसीएमबी. पण नुसतं 'असू दे' म्हणून नको.

इथे माझी एक चूक सांगतो. वर्गशिक्षक असताना एका पोराला ८५ टक्के पडले म्हणून त्याच्या वडिलांना मीच सांगितलं, सायन्सलाच घाला. एका नावाजलेल्या कॉलेजात घातलं, वर कोचिंगचे वेगळे पैसे. पोरगा पहिल्या वर्षीच फिजिक्स आणि मॅथ्समध्ये उडाला. त्याला लेथवर हात फिरवायला आवडायचं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मीच विचारलं नव्हतं. एक वर्ष वाया घालवून तो पॉलिटेक्निकला गेला. आज सीएनसीच्या शॉपमध्ये प्रोग्रामिंग करतो आणि रस्त्यात भेटला की गाडी थांबवून नमस्कार करतो. मला मात्र ते वर्ष आठवतं.

तुमच्या घरी तर यजमानच उद्यमबागेत आहेत, मग डिप्लोमाचा विषय कुणी काढला कसा नाही? पोरगी आहे म्हणून? दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, पुढे डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मेकॅनिकलच पाहिजे असं नाही, इलेक्ट्रॉनिक्स आहे, कॉम्प्युटर आहे. बेळगावला सरकारी पॉलिटेक्निक आहे. फाउंड्र्यांशिवाय हत्तरगीला विमानाचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत, तिथल्या क्वालिटी विभागात किती पोरी काम करतात ते यजमानांनाच विचारा. पण गणित इथेही सुटत नाही, हेही तिला सांगा.

कॉमर्सचं. मैत्रीण जाते म्हणून जाणं चूक, पण कॉमर्सच चूक असं नाही. घोळ असा होतो की सगळे 'कॉमर्स' म्हणतात आणि आतली अक्षरं कुणी बघत नाही. अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज आणि इकॉनॉमिक्स असतातच. चौथा विषय इतिहास घेतला तर हेबा, स्टॅटिस्टिक्स घेतला तर सेबा, काही ठिकाणी कॉम्प्युटर किंवा बेसिक मॅथ्स. गणिताची भीती म्हणून पोरं डोळे मिटून हेबा घेतात आणि पुढे सीए फाउंडेशनच्या पुस्तकात तेच गणित आणि स्टॅटिस्टिक्स समोर येतं. तिला बँक, हिशेब, सीए यातलं काही करायचं असेल तर सेबा किंवा बेसिक मॅथ्स मिळतं का ते आधी बघा. सगळ्या कॉलेजांत सगळी कॉम्बिनेशन नसतात. खानापुरात नसेल तर बेळगाव.

आणि समाज विज्ञानात ९१ आहेत ना? त्याकडे घरात कुणी बघितलंच नाही! इतिहास, इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे कॉम्बिनेशन घेऊन पुढे बी.ए., बी.एड., कायदा, स्पर्धा परीक्षा. आर्ट्स म्हणजे नापासांची बाजू ही आपल्याकडची जुनी खोड आहे. बी.एस्सी. नर्सिंगला सायन्स लागतं, पण जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला आर्ट्सवाल्यांनाही जाता येतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

भाषा कुठली घ्यावी हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कॉलेजच्या खिडकीवर तो येणारच. एक इंग्रजी. दुसरी मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत, कॉलेजात जे असेल ते. इंजिनिअरिंगच्या रँकला भाषेचे गुण धरत नाहीत, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स एवढेच. तेव्हा मराठीला शिकवायला कुणी असेल तर मराठी घ्या, ११७ पाडणाऱ्या पोरीला दिवसातला एक तास तरी आपल्या भाषेत मिळू दे. मात्र कन्नड सोडू नका. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो, आणि नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, स्वतःचा अर्ज स्वतः वाचता आला तर कुणाचं बिघडलं? ७६ आहेत तिला, म्हणजे जमतं. रोज कन्नड पेपरची एक बातमी वाचू दे.

आता मावसभावाचं कोल्हापूर. त्याचं म्हणणं असणार की महाराष्ट्रात इंजिनिअरिंग करायचं तर अकरावी-बारावी तिकडेच पाहिजे. सीमाभागाला ते लागू नाही. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, मातृभाषा मराठी, आणि दहावी किंवा बारावी याच भागातल्या शाळा-कॉलेजातून पास, अशा मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा 'ई' प्रकार आहे. गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत पाहिजे आणि ठराविक नमुन्यातली प्रमाणपत्रं पाहिजेत. म्हणजे बेळगावात पीयूसी करूनही एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा देता येते. उलट बाजूनेही तसंच. कर्नाटकातल्या जागांसाठी पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं इथे शिकलेली पाहिजेत आणि दहावी किंवा बारावी इथून पास पाहिजे. तुमच्या पोरीची दहा वर्षं इथेच झाली. तेव्हा शिकायला कुठेही गेली तरी एक बाजू लगेच तुटत नाही. सीमेवर राहण्याचे त्रास काय थोडे आहेत, हा एक फायदा तरी घ्या.

फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या रँकला केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचे निम्मे आणि पीयूसीच्या पीसीएमचे निम्मे गुण धरतात. महाराष्ट्रात रँक सीईटीवर, बारावीचे गुण पात्रतेपुरते. वर्षभर नेटाने अभ्यास करणाऱ्या, पण तीन तासांच्या पेपरात गडबडणाऱ्या पोरीला आपली पद्धत बरी. शिवाय कोल्हापूरला खोली, मेस आणि सतरा वर्षांची पोर एकटी, तो खर्च धरा. इकडे बायका-पोरींसाठीच्या शक्ती योजनेमुळे साध्या बसला तिला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. मात्र प्रवासाचा वेळ मोजा. नंदगडच्या पुढून खानापूर, तिथून बेळगाव आणखी २५ किलोमीटर, आणि सायन्स असेल तर प्रॅक्टिकलच्या दिवशी परत यायला अंधार. निकालाआधी एक दिवस तिला घेऊन त्याच वेळच्या बसने जाऊन या. उभं राहून गेलात तर आणखी चांगलं, रोज तसंच जावं लागणार आहे.

कागदपत्रं मे महिन्यातच करून ठेवा. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, त्यावरचा आरडी नंबर पुढे प्रत्येक अर्जाला आणि एसएसपी या सरकारी पोर्टलवरच्या स्कॉलरशिपला लागतो. मराठा असाल तर इथे मागासवर्गाचा ३बी गट. पहिली ते दहावी खेड्यात झाली आहे, तेव्हा केसीईटीला ग्रामीण कोटा मिळतो, १५ टक्के, त्यासाठी स्टडी सर्टिफिकेटवर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, सही घ्यायची. पाच टक्क्यांचा दुसरा कोटा आहे तो कन्नड माध्यमाचा, तो आपल्या पोरांना नाही, त्या रकान्यात चुकून टिक करू नका. माझ्या माहितीतल्या एकाने केली होती आणि पडताळणीच्या दिवशी बापलेक दोघांना बोलणी खावी लागली.

प्रवेश झाल्यावर चुकलंय असं वाटलं तर सुरुवातीचे काही आठवडे कॉम्बिनेशन बदलून मिळतं. तेव्हा पहिल्या टेस्टची वाट न बघता जुलैच्या मध्यालाच तिला विचारा. लाज वाटते म्हणून पोरं गप्प बसतात.

तो गणिताचा पेपर मिळाला की ३६ गुण कुठे गेले ते लिहा, आणि गावाचं नाव पण. यादीत आहे का ते बघून सांगतो.