विष्ठेच्या नमुन्यावरून आहार आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका यांचा संबंध कसा तपासतात?

आहारातील न पचलेल्या भागाचे आतड्यातील जिवाणू काय करतात, याचा पुरावा विष्ठेत उरतो. तंतुमय पदार्थ आंबवून ते ब्युटिरेट हे मेदाम्ल बनवतात, ज्यावर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. उलट स्निग्ध आहारामुळे अधिक स्रवणाऱ्या पित्ताम्लांपासून (पित्तातील, स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या आम्लांपासून) ते अस्तराला अपायकारक अशी दुय्यम पित्ताम्ले तयार करतात.

पिट्सबर्ग विद्यापीठाचे स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० आफ्रिकी-अमेरिकी आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली होती. बर्गर-फ्राइज आफ्रिकेकडे गेले, तर चवळी, भेंडी आणि मक्याचे पदार्थ अमेरिकी ताटात आले. एवढ्या अल्पावधीत अमेरिकी गटाच्या विष्ठेतील ब्युटिरेट सुमारे अडीच पट वाढले आणि दुय्यम पित्ताम्ले सुमारे ७० टक्क्यांनी घटली. दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले.

मात्र यात धोक्याच्या खुणा मोजल्या गेल्या, प्रत्यक्ष कर्करोग नव्हे. शिवाय बहुतांश ब्युटिरेट आतडेच शोषून घेत असल्याने विष्ठेत सापडते ते केवळ उरलेसुरले. म्हणूनच या संशोधकांनी कोलोनोस्कोपी (कॅमेरा असलेल्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून अस्तराचे तुकडेही तपासले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.