खिळे कोण काढणार?

जुन्या सामानातून सगळ्यांसाठी बांधण्याबद्दल या महिन्यात पत्रं मोजकीच आली, पण त्यातलं एक सात पानांचं होतं आणि सोबत नकाशाही. त्यामुळे पहिल्याच प्रश्नाला अर्धी जागा गेली. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमच्या वाडीतल्या जुन्या शाळेचं निर्लेखन झालं आहे. शेजारी दोन नव्या खोल्या उभ्या आहेत. जुनी इमारत चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, आत किंजळीच्या नि सागाच्या तुळया. आता पाडायला जेसीबी येणार असं ऐकतो. त्याच सामानातून आमच्या मंडळाला वाचनालय आणि म्हाताऱ्या माणसांना टेकायला एक पडवी करायची आहे. नकाशा काढून घेतलाय, जोडला आहे. श्रमदानाला सगळी वाडी तयार आहे. आता पुढे काय? *(एका वाडीचं मंडळ, संगमेश्वर तालुका)*

उत्तर : नकाशा पाहिला. चांगला आहे. सध्या गुंडाळून माळ्यावर टाका.

आधी कागद. निर्लेखन झालं म्हणजे इमारत वापरातून काढली, तुमची झाली असं नाही. सामानाचा लिलाव होतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला) भेटा, तारीख काढा, मंडळाच्या नावाने रीतसर बोली लावा आणि पावती जपून ठेवा. लाकूड वाडीबाहेर न्यायचं असेल, अगदी शेजारच्या गावात रंधा मारायला न्यायचं असेल, तरी टेम्पो भरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून या. रात्री नाक्यावर ‘साहेब, हे शाळेचंच आहे’ म्हणत उभं राहण्यात मजा नाही. मी राहिले आहे.

मग जेसीबी. तो सकाळी येईल आणि चहाच्या आत इमारत आडवी करील. तुमच्या हाती येईल कौलांचा चुरा, फाटलेले वासे आणि टवके उडालेले चिरे. भरावाला बरं, वाचनालयाला नाही. तेव्हा इमारत पाडायची नाही, उतरवायची. चढवली त्याच्या उलट क्रमाने : आधी कौलं, मग रिपा, वासे, दारं-खिडक्या, तुळया आणि शेवटी चिरे. कौलं खाली टाकायची नाहीत, माणसांची रांग लावून हातोहात द्यायची आणि उभी रचायची. आडवी थप्पी लावली की खालची आपोआप तडकतात. प्रत्येक वाशावर आणि तुळईवर ऑइलपेंटने आकडा घाला, कुठला कुठे होता ते वहीत लिहा. मातीत बसवलेले चिरे सुटे होतात. कुणी मधे सिमेंटची डागडुजी केली असेल तिथले सुटणार नाहीत, त्यांचा हट्ट धरू नका. हे सगळं दिवाळीनंतर सुरू करा. पावसाच्या तोंडावर उतरवलेलं लाकूड ठेवायचं कुठे, हा प्रश्न मे महिन्यात सुचून उपयोग नसतो. लाकूड जमिनीपासून वर, चिऱ्यांवर ठेवायचं आणि दोन थरांमध्ये पट्ट्या घालायच्या, म्हणजे वारा खेळतो.

आता नकाशा माळ्यावर का, ते सांगते.

मी नोकरीत नवी असताना एका गावात समाजमंदिर बांधायला घेतलं होतं. पडक्या घराच्या सहा तुळया फुकट मिळाल्या. टेप लावला : चौदा फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट भिंतीत, म्हणजे मधली खोली बारा फूट. हिशोब बरोबर. जोतं बांधून घेतलं. तुळया आल्या तेव्हा आमच्या सुतारकाकांनी पेचकस काढला आणि एकेका टोकात खुपसला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वर्षानुवर्षं ओल पितं. बाहेरून रंग छान असतो, आत भुसा. प्रत्येक टोकाचा फूट-फूट कापावा लागला. उरल्या बारा फुटी. भिंतीवर दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकवायच्या, म्हणजे खोली साडेदहा फूट, आणि जोतं तर बाराचं तयार! काका एवढंच म्हणाले, “बाय, तुळई बघून खोली आखतात.” शेवटी प्रत्येक तुळईचं एक टोक भिंतीवर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाखाली एक खांब घालून निभावलं. कागदावर मोकळा असलेला हॉल खांबांचं रान झाला. पोरी मात्र खूश, खांबखांबोळी खेळायला एवढी जागा कुठे मिळते?

म्हणून आधी इमारत उतरवा, मग मोजा. किती तुळया, टोकं कापून किती लांबीच्या, किती चिरे साबूत, किती दारं, त्यांचं माप काय, अशी यादी करा. ती यादी घेऊन नकाशा काढणाऱ्याकडे परत जा आणि म्हणा, यात जे होईल ते काढून द्या. ज्याने नकाशा काढला त्याला राग येईल. चांगला असेल तर येणार नाही.

सात पानांत तुम्ही ‘श्रमदान’ हा शब्द अकरा वेळा लिहिला आहे. खिळे कोण काढणार, हे एकदाही नाही. शाळेच्या लाकडात दर फुटाला खिळा असतो : तक्ते, नकाशे, पताका, पुढाऱ्यांचे फोटो. एक मोडका खिळा आत राहिला तरी सॉ मिलवाल्याचं पातं जातं. म्हणून तो जुनं लाकूड बघूनच हात वर करतो. पहिल्या रविवारी चाळीस माणसं येतील, फोटो निघतील. तिसऱ्या रविवारी चार येतील, त्यातला एक शाळकरी पोरगा. हा वाडीचा दोष नाही, लोकांना शेतं आहेत, मुंबईची गाडी पकडायची आहे. म्हणून खर्चाच्या अंदाजात दोन माणसांची महिनाभराची मजुरी आत्ताच धरा. आणि चिरे घासायचं काम बायकांच्या गळ्यात नि नारळ फोडायचं काम पुरुषांच्या हातात, असं वाटप मी बरेचदा पाहिलं आहे. मजुरी द्यायची तर त्या दोघांत एक बाई असू द्या.

लाकूड साफ झालं की पेचकसाची तपासणी प्रत्येकाची, मग वाळवीचं औषध. त्यावर आपल्याकडचं काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घालून लावा, कातडी भाजते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाला तीन घरांची मिळून दीड-दोन हजार जुनी कौलं मिळाली आहेत. देवळासमोरच्या सभागृहावर घालायची आहेत. घालावी का? *(वाचक, सावंतवाडी)*

उत्तर : एक कौल उलटं करा. मागे कारखान्याचं नाव किंवा चिन्ह उठवलेलं असेल. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला पहिला कारखाना काढला, त्यानंतर तसे कितीतरी निघाले. लांबून सगळी कौलं सारखी दिसतात, पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा आणि कौलाची खाच शेजारच्यात बसायची तर दोन्ही एकाच साच्यातली लागतात. तीन घरांची कौलं मिसळून घातलीत तर पहिल्या मृगात तबला-पेटीवर धार येईल. तेव्हा चिन्हांप्रमाणे वेगळे ढीग करा. एका पाख्यावर एकाच चिन्हाची कौलं, दुसऱ्यावर दुसरी चालतील.

मग वाजवून बघा. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर बाजूला. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात. हिशोब करून त्यावर दहा-बारा टक्के जास्त धरा, कारण पुढे माकडं आहेतच.

बाजूला काढलेली टाकू नका. मूळचे इंग्लंडचे वास्तुकार लॉरी बेकर १९४५ साली भारतात आले ते २००७ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. केरळात त्यांनी अशी कौलं स्लॅबमध्ये घातली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथला ताण लोखंड घेतं. मग सळयांच्या चौकटींमध्ये कौलांची जोडी ठेवून वर काँक्रीट ओतायचं. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, खालून छत लाल नक्षीचं दिसतं. मात्र सळयांचा आराखडा इंजिनिअरकडूनच घ्या. बेकरांचं नाव सांगून अंदाजपंचे केलेला एक स्लॅब मी पाहिला आहे. त्याखाली मी उभी राहिले नाही.

प्रश्न : वस्तीतल्या सामूहिक सभागृहाचा स्लॅब घालायचा आहे. भंगारवाला पाडलेल्या इमारतीच्या सळया सरळ करून अर्ध्या भावात देतो. काँक्रीटचा राडारोडाही फुकट देतो म्हणतो, आणि सिमेंटचे जुने पत्रे. *(वाचक, पनवेल)*

उत्तर : सळया नाही. पुन्हा विचारू नका, तरी नाही. काँक्रीट फोडून काढताना सळई पिळवटते. ती ठोकून सरळ केली की वाकलेल्या जागी कडक आणि ठिसूळ होते, बारीक तडा जातो. तो डोळ्याला दिसत नाही. शिवाय ती मुळात कुठल्या प्रतीची, किती गंजलेली, कुणाला माहीत? स्लॅबखाली माणसं बसणार आहेत. त्याच भंगारवाल्याकडून खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटक खुशाल घ्या.

राडारोडा घ्या. त्यात लाकूड, प्लास्टिक, माती, जिप्समचे तुकडे नकोत. फरशीखालच्या भरावाला, रस्त्याच्या तळाला उत्तम. फोडून चाळून खडी केली तर आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून तीही मान्य केली आहे : एम-१५ (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत, आकडा मोठा तेवढं ते मजबूत) पेक्षा कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये सगळी मोठी खडी अशी चालते, सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळई असलेल्यात २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ पर्यंतच. पण ती खडी चाचणी झालेली हवी. गल्लीत हातोड्याने फोडलेल्या खडीला हे आकडे लावू नका.

पत्रे कितीही जड आणि टिकाऊ वाटले तरी नकोत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, भोक पाडताना, फुटताना त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. लहान मुलांना तर ते तुकडे उचलायलाही लावू नका.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या सामानातून बांधलेली सुंदर उदाहरणं आम्हाला दाखवतात. पण पुण्यात वाड्याचा दरवाजा नव्या दरवाज्यापेक्षा महाग झाला आहे. मग यात लोकांचं काय उरलं? *(विद्यार्थिनी, पुणे)*

उत्तर : प्रश्न अगदी बरोबर आहे. नवी मुंबईत बेलापूरला एक घर आहे. त्याच्या दर्शनी भागाचा एक कोपरा पाडलेल्या घरांच्या दारं-खिडक्यांनी बनवला आहे. मला ते आवडतं. पण ते एका कुटुंबाचं घर आहे, त्याला लोकांचं बांधकाम म्हणायला नको. चीनमध्ये निंग्बोच्या संग्रहालयाच्या भिंती पाडलेल्या गावांच्या विटा-कौलांनी रचल्या आहेत. ते बांधणाऱ्या वांग शू यांना २०१२ साली वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. भिंत पाहताना डोळे निवतात. पण ज्यांचं गाव गेलं त्यांना कौल भिंतीत दिसण्याऐवजी डोक्यावर हवं होतं का, हे कुणी विचारलं, असं माझ्या मनात येतंच.

याउलट इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची ग्रॅन्बी ही वस्ती. पालिकेने घरं रिकामी करून पाडत आणली होती. उरलेल्या रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, आधी रस्त्यावर झाडं लावली, भिंती रंगवल्या. २०११ मध्ये स्वतःचा जमीन-न्यास, म्हणजे घरं-जमीन वस्तीच्या सामायिक मालकीत ठेवणारी संस्था, काढला आणि काही घरं ताब्यात घेतली. असेम्बल नावाचा तरुण वास्तुकारांचा गट त्यानंतर आला. पाडकामाचा राडारोडा दळून त्यांनी शेकोटीच्या चौकटी केल्या. २०१५ साली या कामाला ब्रिटनचा टर्नर हा कलेचा पुरस्कार मिळाला. तुझ्या वहीत पुरस्काराआधी जमीन-न्यास लिही. किल्ली तिथे लोकांच्या हातात आधी आली, राडारोडा नंतर.

आणि आपल्याकडचे नेकचंद. चंदिगड वसवताना जी गावं उठली त्यांचा मोडका माल हा रस्ते निरीक्षक १९५७ पासून सायकलवरून जंगलात नेऊन त्यातून मूर्तींची बाग रचत होता. बरीच वर्षं कुणालाच पत्ता नव्हता. बेकायदा होतं, तरी सरकारने ते पाडलं नाही. १९७६ साली रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. पुढे एकदा त्यावर बुलडोझर आला तेव्हा चंदिगडकर आडवे उभे राहिले. बांधताना एकटा, वाचवताना सगळे. याला कुठल्या खान्यात घालायचं ते तुझ्या सरांना विचार आणि मलाही कळव.

प्रश्न : मोडलेल्या घराची चौकट सार्वजनिक सभागृहाला लावली तर दोष लागतो, असं गावातले जाणते म्हणतात. खरं का? *(वाचक, गुहागर)*

उत्तर : जाणत्यांना सभेला बोलवा आणि चौकट कुठल्या घराची, तिथे कोण नांदलं, ते त्यांच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवायला सांगा. मग बहुधा तेच म्हणतील की दर्शनी दाराला हीच लावा. चौकटीच्या रंगाचे जुने थर मात्र कोरडे घासू नका. त्यात शिसं असू शकतं. ओलं करून, तोंडाला फडकं बांधून, मुलांना लांब ठेवून खरवडा.

राहिला दोष. जुनी चौकट जेमतेम साडेपाच फुटांची असते आणि आता गावातली पोरं सहा फुटांची झाली आहेत. लागायचा तो दोष कपाळाला लागेल. जोतं करतानाच उंबऱ्याखाली चिऱ्याचा एक थर जास्त धरा, नाहीतर वरच्या पट्टीला पहिला महिनाभर जुनी गोधडी गुंडाळून ठेवा.